पाटी फक्त पायी जाणाऱ्यांसाठीच का?

आपल्याकडे पाटी पाळायची कुणी आणि पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायचा कुणी, याची वाटणी फार जुनी आहे. 'कुऱ्हाडबंदी' लिहिलं की सरपणाची मोळी आणणारी बाई थांबते. 'चराईबंदी' लिहिलं की शेळ्यांमागची म्हातारी वाट बदलते. आणि 'वाहनांना प्रवेश बंद' लिहिलं की? मोटारसायकलवाला तारेचं कुंपण जिथं संपतं तिथून अलगद गाडी काढतो आणि डोंगरावर जातो. पाटीला जरासुद्धा धक्का लागत नाही. नियमाला तेवढा लागतो.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आज ही कुठला विषय घेऊन बसली? घरात गॅसचे भाव, शाळेची फी, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं एवढं पुरेसं असताना डोंगरावरच्या पाटीचं आपल्याला काय? मलाही आधी तसंच वाटायचं. पण आपल्या शेळीचा चारा, विहिरीचं पाणी, श्रमदानातले चर आणि आपल्याच घरातलं पोरगं, हे सगळं त्या एका पाटीपाशी येऊन थांबतं. म्हणून लिहायला बसले.

मी लिंबागणेशची. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगेतलं हे गाव. भालचंद्र गणपतीचं. चंद्र गणपतीला हसला, शाप घेऊन बसला आणि इथं तप करून त्यातून सुटला, अशी आमच्याकडची आख्यायिका. तेव्हा हसण्यावारी नेलेली मर्यादा किती महागात पडते, हे आमच्या गावाला वेगळं सांगायला नको! संकष्टीला देवळात गर्दी होते. लांबलांबून गाड्या येतात. पण कितीही भारी गाडी असो, कुणी ती गाभाऱ्यापर्यंत नेत नाही. बाहेर लावतात, चपला काढतात आणि चालत आत जातात. त्यासाठी तिथं पोलीस उभा करावा लागत नाही. ही जागा गाडीची नाही, हे आपल्याला आतूनच कळतं.

तेच डोंगराच्या बाबतीत का कळत नाही?

पावसाळ्यात आमचा हा सगळा भाग बघण्यासारखा होतो. आठ महिने करपलेले माळ श्रावणात हिरवेगार होतात, ओढे वाहायला लागतात. मग सुटीच्या दिवशी गाड्या सुरू होतात. शहरातली मुलं घोळक्यानं येतात. अंगात जाड जाकीट, डोक्यावर हेल्मेटला लावलेला कॅमेरा. पण सगळा दोष पाहुण्यांवर टाकून मोकळं होता येणार नाही. आपली गावची पोरंही मागे नाहीत. एकाच गाडीवर तिघं बसायचं, सायलेन्सर बदलून घ्यायचा, आणि डोंगराची चढण कोण एका दमात चढतो याच्या पैजा लावायच्या. मग त्याची रील.

आमच्या जवळच, पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. हे वाघासाठी राखलेलं जंगल नव्हे, खास मोरांसाठी राखलेलं आहे. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्याच रांगेत, त्याला बसवलेलं आहे. एवढा मान असलेला पक्षी आपल्या बोडक्या म्हणवल्या जाणाऱ्या डोंगरांत राहतो, हे कितीजणींना माहीत आहे?

आता मोर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिसारा येतो. पैठणीच्या पदरावरही तोच, रुखवतातल्या भरतकामातही तोच. पण मला सांगावीशी वाटते ती लांडोरीची गोष्ट. मोर नाचतो, पिसारा फुलवतो आणि पुढे जातो. संसार लांडोरीचा. ती झाडावर घरटं बांधत नाही. झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच थोडासा खळगा करते, त्यात साधारण चार ते सहा अंडी घालते आणि जवळजवळ २८ दिवस एकटी त्यांच्यावर बसते. पिल्लं बाहेर आली की त्यांना चारणं, लपवणं, घारीपासून वाचवणं हेही तिच्याकडेच. रंग मातकट, त्यामुळं बसली की दिसत नाही. न दिसणं हेच तिचं संरक्षण.

हे सगळं कधी होतं? पावसाळ्यात. जून ते सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा डोंगर हिरवा झाला म्हणून आपल्या गाड्या वर चढतात!

वाटेनं चालत जाणाऱ्या माणसाची लांडोरीला थोडीफार सवय असते. तो लांबून दिसतो, हळू येतो, निघून जातो. गाडीचं तसं नसतं. आवाज आधी डोंगरभर पसरतो, मग गाडी वाट सोडून भलतीकडूनच येते. लांडोर उठते. एकदा उठली तर परत येईलही. पण दिवसातून चार वेळा उठावं लागलं तर? अंडी उघडी पडतात. कावळा, मुंगूस, मोकाट कुत्रं टपलेलंच असतं. गाडीखाली एक अंडंही फुटलेलं नसतं, गाडीवाल्याला काही दिसलेलं नसतं, आणि तरी त्या वर्षीची सगळी वीण गेलेली असते. 'आम्ही तर कशाला हातही लावला नाही' असं ही मुलं म्हणतात ना, ते खोटं नसतं. पण ते पुरेसंही नसतं.

लांडोरच कशाला, टिटवी घ्या. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, खोलगट जागी घातली की कमी, असा अंदाज आपली जुनी माणसं बांधायची. खरंखोटं बाजूला ठेवा. पण त्या निमित्तानं टिटवीची अंडी कुठं आहेत हे शेतकऱ्याला माहीत असायचं आणि औत तेवढी जागा चुकवून जायचं. टिटवी उघड्या माळावर, खड्यांमध्येच अंडी घालते. रंगही खड्यांसारखाच. औत हाकणाऱ्याला ती दिसायची, कारण तो पायी होता. ताशी चाळीसच्या वेगानं जाणाऱ्याला ती कशी दिसणार? चंडोल, तित्तर, लावा, रातवा, सगळे जमिनीवरच संसार मांडणारे. माळ आपल्याला मोकळा दिसतो. तो मोकळा नसतो, भरलेला असतो.

आता पक्षी बाजूला ठेवू. पक्ष्यांवर प्रेम करायला सगळ्यांनाच वेळ असतो असं नाही. शिवाय भुईमूग पेरलेल्या शेतकऱ्याला मोराविषयी विचारलं तर तो दोन शिव्याच देईल, कारण शेंगा उकरून खाणारा तोच! तेव्हा आपल्या पाण्याचं बोलू.

बालाघाटच्या डोंगरावर माती फार थोडी. खाली मुरूम आणि काळा खडक. त्यावर गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला मातीचा थर. गाडीचं वजन शंभर किलोच्या वर, त्यावर दोन किंवा तीन माणसं, आणि हे सगळं वजन दोन चाकांच्या चिंचोळ्या पट्टीवर. चढणीवर चाक जागेवर फिरतं, गवत मुळासकट निघतं. ओल्या मातीत चाकोरी पडते. पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीतून धावतं, कारण पाण्यालाही आयती वाट हवीच असते. चाकोरीची सरी होते, सरीची ओघळ होते. पुढची गाडी चिखल चुकवायला शेजारून जाते, तिथं दुसरी चाकोरी. दोन पावसाळ्यांत डोंगराला आपल्या केसांच्या भांगासारखी लांबलचक रेघ पडते. फरक इतकाच की भांग पुन्हा मोडता येतो, डोंगराची रेघ मोडत नाही.

माती वाहून गेली की पाणी मुरत नाही. पाणी मुरलं नाही की फेब्रुवारीत विहीर तळ दाखवते. आणि विहिरीनं तळ दाखवला की हंडा कुणाच्या डोक्यावर येतो, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

आपला हा डोंगर फक्त आपल्यालाच पाणी देतो असंही नाही. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या याच बालाघाटात उगम पावते. पुढं केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे. लातूर शहर त्याच पाण्यावर. २०१६ च्या उन्हाळ्यात ते धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते आठवतं ना? ती काही मोटारसायकलींनी आणलेली आपत्ती नव्हती. सलग दुष्काळ होता, उपसा बेसुमार होता. पण पाण्याचा एकेक थेंब वर डोंगरातच अडवायचा असतो, हा धडा त्या वर्षानं दिला. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. तीनच तालुके होते, त्यात आपल्या जिल्ह्यातलं अंबाजोगाई. पुढं केज, धारूर आणि इतर तालुके आले. एप्रिल-मेच्या उन्हात टिकाव, फावडं, घमेलं घेऊन डोंगरावर समतल चर खोदणाऱ्यांत बायका किती होत्या ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. हाताला फोड आले, पदर ओला करून डोक्यावर घेतला आणि चर खोदले.

त्या चराचा बांध म्हणजे काय, तर हातानं थापलेली माती. आणि या मुलांना नेमका तोच बांध उडी मारायला आवडतो! गाडी बांधावरून उडवली की रील छान होते. एका जागी बांध फुटला की चरातलं सगळं पाणी तिथूनच बाहेर पडतं. धान्याचं पोतं एका कोपऱ्यात उसवलं तरी रिकामं व्हायला वेळ लागत नाही, तसंच हे.

आणि उन्हाळ्यातली भीती वेगळीच. होळीच्या सुमाराला गवत वाळून कडक झालेलं असतं. तापलेल्या सायलेन्सरला वाळलं गवत लागलं, किंवा कुणी पेटती काडी टाकली, की वणवा. आपल्या भागातली कितीतरी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघून जातात ती पाडव्यापर्यंत परतत नाहीत. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. अशा वेळी डोंगर पेटला तर विझवायला जाणार कोण? आणि परत आल्यावर जनावरांना घालायचं काय?

आता समोरच्या बाजूचंही ऐकू. माझ्या जावेच्या मुलाशी याच विषयावर माझा वाद झाला. तो म्हणतो, "काकू, एका गाडीनं काय व्हतंय?" मी म्हटलं, "प्रत्येक जण एकच गाडी घेऊन जातो रे बाबा. दोन गाड्या कुणीच चालवत नाही!" यावर तो हसला, पण लगेच म्हणाला, "आन् त्यांच्याच जीपा फिरतात की आत. ठेकेदाराचे ट्रॅक्टर जातात. त्यांना नाही का पाटी?"

त्याच्या या बोलण्यात तथ्य आहे, हे मला मान्य करावंच लागलं. पाटी ज्यानं लावली त्यानं ती आधी पाळली पाहिजे. वणवा विझवायला, गस्तीला गाडी जाणं वेगळं आणि पाहुण्यांना डोंगर दाखवायला जाणं वेगळं. ज्या दिवशी साहेबाची गाडी पाटीपाशी थांबेल आणि साहेब चालत वर जातील, त्या दिवशी त्या पाटीला निम्मी किंमत आपोआप येईल.

दुसरा मुद्दा याहून गंभीर. डोंगरात वस्त्या आहेत, तांडे आहेत. तिथल्या बाईला कळा सुरू झाल्या तर मोटारसायकल हीच रुग्णवाहिका असते. आशाताई, अंगणवाडीताई स्कूटीवरूनच जातात. मी स्वतः स्कूटी चालवते. गाडीनं आपल्याला काय दिलं ते मला चांगलं माहीत आहे. बाजाराला जायला दिराची वाट बघणं सुटलं, हे काही थोडं नाही. तेव्हा गाडीशी माझं वैर नाही. आणि ज्यांचं घर, शेत, रोजचं येणं-जाणं त्या वाटेवर आहे, त्यांना अडवा असं मी तर म्हणणार नाहीच, कायदासुद्धा म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात परवान्याशिवाय कोण जाऊ शकतं ते लिहिलेलं आहे. तिथं राहायची परवानगी असलेले, ज्यांची जमीन आत आहे ते, त्यांची घरची माणसं, आणि आतून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्यावरून प्रवास करणारे. बाकीच्यांनी परवाना घ्यायचा. म्हणजे गरजेची गाडी आणि हौसेची गाडी यातला फरक कायद्यानंही केलेला आहे. दंडाची कमाल रक्कमही २०२२ च्या दुरुस्तीनं २५ हजारांवरून एक लाखावर नेली आहे. हौस एवढी महाग पडू शकते, हे आपल्या मुलांना माहीत असलेलं बरं.

तिसरा आक्षेप एका शिकलेल्या मैत्रिणीनं घेतला. ती म्हणाली, "बायकांनी आजवर पाट्या पाळल्या म्हणूनच मागे राहिल्या. तू पुन्हा पाटी पाळायलाच सांगतेस?" हा प्रश्न मला मनापासून आवडला. शेजारच्या जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर आठवा. चौथऱ्यावर बायकांनी जायचं नाही, ही तिथली रीत. बायकांनी आंदोलन केलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१६ च्या गुढीपाडव्याला चौथरा बायकांसाठी खुला झाला. ती बंदी मोडली ते चांगलंच झालं.

मग ती मोडायची आणि ही पाळायची, असं का? मला वाटतं, बघायचं एवढंच की बंदी कशाला आहे. 'तू बाई आहेस म्हणून येऊ नकोस' असं जी बंदी सांगते, ती माणसाला अडवते. तिला कारण विचारलं की उत्तर मिळत नाही. 'गाडी बाहेर लाव आणि चालत ये' असं जी सांगते, ती कुणालाच अडवत नाही. बाईला नाही, पुरुषाला नाही, गरिबाला नाही. ती फक्त एक यंत्र बाजूला ठेवायला सांगते, आणि तिला कारण विचारलं तर लांडोर, माती, पाणी अशी तीन कारणं समोर उभी आहेत. पहिली बंदी मोडणं हे धाडस. दुसरी मोडणं ही नुसती मस्ती.

कुणी म्हणेल, परवाना असला, पैसे भरले की मग तरी हरकत नाही ना? तसंही नाही. ३१ डिसेंबर २०२४ ची विदर्भातली गोष्ट घ्या. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपली पाच पिल्लं घेऊन रस्त्यानं चालली होती. सफारीच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी घेरलं. सगळ्या गाड्या रीतसर आत सोडलेल्या, माणसं पैसे भरून आलेली! चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली, चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली. पिल्लांना घेऊन निघालेल्या आईला वाट न देणं, हे परवान्यानंही माफ होत नाही. तिथं वाघीण होती म्हणून बातमी झाली. आमच्या डोंगरात लांडोर असते. तिची बातमी होत नाही.

आणि पाटी पाळली जातच नाही, असंही समजू नका. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांच्या हंगामात तिथं गर्दी उसळते. पण गाड्या लांब लावून चालत जावं लागतं, रोजच्या माणसांचा आकडा ठरवलेला आहे आणि हे सांभाळण्यात आजूबाजूच्या गावांच्या समित्याच पुढं आहेत. वाहनतळ, शुल्क, वाटाडे यातून गावाला रोजगारही मिळतो. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावानंच ठरवून पाळली. जनावरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत कापून आणायचं. आधी त्रास झाला. पण पुढं गवत वाढलं, चाऱ्याबरोबर दूधही वाढलं. आपल्या बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर सयाजी शिंदे आणि सहकाऱ्यांनी सह्याद्री देवराई उभी केली, आणि तिथं फेब्रुवारी २०२० मध्ये चक्क झाडांचं संमेलन भरलं! उजाड डोंगर भरता येतो. पण भरायला वर्षं लागतात आणि ओरबाडायला एक रविवार पुरतो.

मग करायचं काय? नुसती पाटी लावून भागणार नाही, हे उघड आहे. माझ्या मनात आलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, पाटी बोलकी हवी. 'प्रवेश बंद, हुकूमावरून' एवढंच लिहिलं की तरुण पोराला ते आव्हानच वाटतं. त्याऐवजी, 'जून ते सप्टेंबर इथं लांडोर अंड्यांवर असते. गाडी इथं लावा. पुढची वाट पायी' असं लिहा की! कारण कळलं की निम्मे लोक ऐकतात, हा आपला घरातला अनुभव आहे.

दुसरी, पाटीच्या आधी गाडी लावायला सावलीची, सपाट जागा हवी. तिथं गावातल्या बचत गटाला वाहनतळ सांभाळायला द्यावा. गाडीमागं दहा-वीस रुपये, सोबत चहा, भाकरी-ठेचा. मुलांच्या गाड्या सुरक्षित, बायकांना चार पैसे, डोंगराला विश्रांती. शिवाय गाडी तिथं लावली की नाही, हे बघायला चार डोळे आपोआप मिळतात. वनरक्षकाकडं केवढा मोठा भाग असतो. तो प्रत्येक वाटेवर कसा पुरणार?

तिसरी, जिथं बाजूनं गाडी निघते तिथं दगडी खांब असे रोवा की माणूस जाईल, शेळी जाईल, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाईल, पण मोटारसायकल जाणार नाही. हे काही फार खर्चाचं काम नव्हे. ही मागणी ग्रामसभेत करता येते. आणि मैत्रिणींनो, आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. ती किती गावांत खरोखर होते आणि किती ठिकाणी घरोघरी वही फिरवून सह्या घेतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. ती मागून घ्या. तिथं दारूबंदी, नळयोजना यांच्याबरोबर डोंगराच्या वाटेचाही ठराव करता येईल. वस्तीवरच्या आणि शेतकऱ्यांच्या गाड्यांना सूट, आजारपणाला सूट, हौसेला नाही, असं स्पष्ट लिहून.

चौथी गोष्ट घरातली, आणि ती सगळ्यात अवघड. गाडीची किल्ली. दहावीत गेलेलं पोरगं रुसलं की आपण किल्ली त्याच्या हातात देतो. 'जाऊ दे, पोर आहे, गावातच फिरतंय.' मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पण कायद्याच्या भीतीपेक्षाही मला दुसरी भीती वाटते. डोंगरातल्या निसरड्या ओघळीत गाडी घसरली, तर तिथं मोबाइलला रेंज नसते. हाक मारली तरी ऐकायला कुणी नसतं. 'पुढं गाडी नेऊ नका' ही पाटी फक्त लांडोरीच्या पिल्लांसाठी नसते, आपल्या पिल्लांसाठीही असते.

किल्ली द्यायचीच झाली, पोरगं अठराचं झालं, परवाना काढला, तर देताना दोन वाक्यं बोलून द्या. कुठपर्यंत गाडी न्यायची आणि कुठून पुढं चालायचं, हे जसं आपण देवळाच्या बाबतीत शिकवलं तसंच डोंगराच्या बाबतीत शिकवायला हवं. देवळाचं कधी वेगळं शिकवावंही लागलं नाही. आपण चपला काढल्या, मुलांनी बघितलं, झालं. डोंगरावर एकदा आपणही मुलांबरोबर जाऊ या ना! बायकांना डोंगर ठाऊक असतो तो सरपणापुरता, शेळ्यांपुरता. डबा घेऊन नुसतं बघायला आपण कधी जातो? गाडी खाली लावू, चालत वर जाऊ, दमलो तर बसू. मुलांना कळू दे की चालत गेलं तर मोर दिसतो, आणि गाडीवर गेलं तर मोराचा पळतानाचा आवाज.

सरपणाची मोळी खाली ठेवून ज्या बायका त्या पाटीपुढं इतकी वर्षं थांबल्या, त्यांच्या चुली काही पेटायच्या राहिल्या नाहीत. त्रास झाला, पण त्यांनी दुसरी सोय केली. ज्याला गाडीतून उतरून फक्त अर्धा तास चालायचं आहे, त्याला याहून जास्त त्रास खचितच होणार नाही. येत्या महिला ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्याही गावाला डोंगर असेल, माळ असेल, राखीव कुरण असेल. तुम्हीही मांडा. आणि हो, मांडायच्या आधी आपल्या दारातल्या गाडीची चाकं कुठली माती घेऊन आली आहेत, तेवढं मात्र बघून घ्या.